कच्चा मासा, उसाचा मळा आणि आपली चूल



जालना जिल्ह्यातील अंकुशनगर येथून एका भगिनीचे पत्र आले आहे. कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने फोनवर एक पदार्थ पाहिला. वाडग्यात पांढरा भात, त्यावर लालबुंद कच्च्या माशाच्या फोडी आणि वरून तिखट, मलईसारखे सारण. हवाई बेटांवरचा हा पदार्थ येत्या रविवारी घरी करायचा, असा त्याने हट्ट धरला आहे. बाजारातून मासा आणायचा, धुवायचा, कापायचा, तिखट-मीठ लावायचे की झाले, असे त्याचे म्हणणे. भगिनी विचारतात, "कच्चा मासा पोटात घालावा की नाही? नको म्हटले तर पोरे आम्हाला अडाणी समजतात."

आम्ही प्रथम उत्तर देतो आणि मग कारणे सांगतो. आपल्या बाजारातला मासा कच्चा खाऊ नका. पण हा पदार्थ मात्र जरूर करा, मासा शिजवून करा. माऊलीने "नको" म्हटले त्यात अडाणीपणा काहीच नाही, आणि मुलाला नवे शिकावेसे वाटले हेही वाईट नाही. दोघांचेही समाधान होईल असा मार्ग आहे. तो आज सांगत आहोत.

आधी हा पदार्थ कोणाचा ते पाहू. त्याचे नाव 'पोके'. हवाईच्या मूळ भाषेत या शब्दाचा अर्थ कापणे, तुकडे करणे. तेथील मूळ रहिवासी समुद्रातून काढलेल्या ताज्या माशाचे तुकडे करीत, त्यांना मीठ चोळीत, समुद्रातले शेवाळ घालीत आणि कुकुई नावाच्या झाडाचे बी भाजून, कुटून वर टाकीत. भाजलेले तेलबी मिठाबरोबर कुटून तोंडी लावणे आपल्याला नवे नाही. आपली कारळाची चटणी याच जातीची. म्हणजे मुळात हे कोळ्यांचे, कष्टकऱ्यांचे जेवण होते. पंचतारांकित हॉटेलात ते फार नंतर गेले.

मग त्यात सोया सॉस, तिळाचे तेल आणि भात कोठून आला? येथे अंकुशनगरच्या वाचकांनी कान द्यावा, कारण ही गोष्ट उसाची आहे. समर्थ सहकारी साखर कारखान्याचा भोंगा ऐकत ज्यांची मुले वाढली, त्यांना ती परकी वाटणार नाही. हवाईत १८३५ साली कोलोआ येथे उसाचा मोठा मळा सुरू झाला आणि पुढे ती बेटे साखरेसाठी ओळखली जाऊ लागली. ऊस तोडायला माणसे हवी होती. मळेवाल्यांनी १८५२ पासून चीनमधून, १८८५ पासून करार करून जपानमधून, १९०३ पासून कोरियातून आणि १९०६ पासून फिलिपाईन्समधून मजूर आणले. पोर्तुगीज मजूरही आले.

या मजुरांना गळ्यात किंवा कमरेला धातूचा बिल्ला बांधावा लागे. त्यावर आकडा असे. मुकादम नावाने हाक मारीत नसे, आकड्याने मारी. प्रत्येक देशाच्या मजुरांची वस्ती वेगळी ठेवलेली असे. एकाच कामाला वेगवेगळ्या देशांच्या माणसांना वेगवेगळी मजुरी मिळे. माणसे एकत्र आली तर मजुरी वाढवून मागतील, म्हणून ही वाटणी. वस्त्या वेगळ्या ठेवून माणसांना माणसांपासून तोडण्याची रीत काय असते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पण दुपारी शेतात जेवायची सुट्टी होई, तेव्हा ही वाटणी टिकत नसे. मजुरांचा जेवणाचा डबा पत्र्याचा, दोन खणांचा असे. त्याला 'काउ-काउ टिन' म्हणत. खालच्या खणात भात, वरच्या खणात मासा, लोणचे, भाजी, जे असेल ते. चिनी, जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज मजूर बांधावर बसत आणि एकमेकांच्या डब्यातले खात. जपान्याचा सोया सॉस आणि भात हवाईच्या माशाजवळ आला तो असा. आज ज्याला जगभर हवाईचे जेवण म्हणतात, ते बऱ्याच अंशी या बांधावरच्या जेवणातून तयार झाले आहे.

या मजुरांपैकी जपानी बहुसंख्येने बौद्ध होते. १८८९ साली जपानहून पहिले बौद्ध धर्मोपदेशक हवाईत गेले आणि पुढे मळ्यांच्या वस्त्यांतून बुद्धविहारे उभी राहिली. १९२० साली ओआहू बेटावर जपानी आणि फिलिपिनो मजुरांनी बरोबरीने संप केला. १९४६ साली तर सगळ्या देशांचे मजूर एका संघटनेखाली आले आणि ७९ दिवसांचा संप करून त्यांनी मळेवाल्यांना नमविले. हवाईतला शेवटचा साखर कारखाना २०१६ साली बंद पडला. ऊस गेला, पण डब्यातले जेवण राहिले. मुलाला पोके करून खाऊ घालाल तेव्हा ही हकीकतही त्याला सांगा. फोनवर दिसणाऱ्या चित्रामागे कोणाचा घाम आहे ते त्याला कळू द्या.

आता मुख्य प्रश्न. हवाईतले लोक कच्चा मासा खातात आणि सहसा आजारी पडत नाहीत. मग आपणच का घाबरावे?

याचे पहिले उत्तर मासा कोणता यात आहे. पोकेसाठी प्रामुख्याने 'आही' वापरतात. हा खोल समुद्रातला टूना मासा. आपल्या कोकणात टूनाच्या जातींना कुपा म्हणतात. मोठ्या, खोल समुद्रातल्या टूनाच्या मांसात माणसाला बाधणारे कृमी फार कमी आढळतात. म्हणून अमेरिकेच्या अन्नखात्याने कच्च्या माशासाठी घालून दिलेल्या गोठवणीच्या नियमातून अशा मोठ्या टूनाला सूट दिली आहे. इतर बहुतेक माशांना ती सूट नाही. ते कच्चे खायचे तर उणे २० अंशांवर सलग सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर गोठवून त्याच थंडाईत किमान १५ तास ठेवावे लागतात.

दुसरे उत्तर बर्फात आहे. टूना पकडल्याबरोबर नावेतच त्याचे रक्त काढून तो बर्फात ठेवतात. होनोलुलू शहरात १९५२ पासून माशांचा लिलाव चालतो. तेथे पहाटे एकेक मासा बर्फावर मांडलेला असतो. शेपटीजवळ काप घेऊन गिऱ्हाईक मांसाचा रंग आणि चरबी पाहतो आणि मग बोली लावतो. तेथून दुकानापर्यंत आणि दुकानातून घरापर्यंत थंडी तुटू देत नाहीत. मासा कच्चा खाण्याजोगा राहतो तो या व्यवस्थेमुळे.

टूनाची थंडी तुटली तर काय होते? त्याच्या मांसात असे एक द्रव्य असते की मासा उबेत राहिला की जंतू त्यापासून हिस्टामिन नावाचे विष तयार करतात. ते खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोके दुखते, छाती धडधडते, उलट्या-जुलाब होतात. आणि हे विष शिजवूनही जात नाही. वास आणि रंग चांगला असला तरी ते असू शकते. टूना खाताना जिभेला मिरीसारखी चुरचुर लागली तर तो घास टाकून द्यावा.

मुंबईपासून जालना रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर. समुद्राचा मासा आपल्याकडे थर्माकोलच्या खोक्यात, बर्फ घालून येतो. वाटेत बर्फ किती वितळला, खोके किती वेळ उन्हात राहिले, कोणाच्या हातून कोणाकडे गेले, हे विकणाऱ्या बाईलाही ठाऊक नसते. तिला दोष देण्याचे कारण नाही. तो मासा शिजवून खाण्यासाठीच आलेला असतो आणि शिजवून खायला तो चांगला असतो.

आता आपल्या हाताशी असलेला मासा पाहू. पैठणच्या जायकवाडी धरणाचे पाणी डाव्या कालव्याने अंबड तालुक्यातून पुढे जाते आणि शहागडजवळून गोदावरी वाहते. तेव्हा आपल्या बाजारात रोहू, कटला, मृगळ, चिलापी, मरळ, वाम हे गोड्या पाण्यातले मासे मिळतात. हे मासे चवीला उत्तम आहेत. पण गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाणे हे समुद्राच्या माशापेक्षाही अधिक धोक्याचे आहे. ही गोष्ट फोनवरची चित्रफीत सांगत नाही.

याचा दाखला आपल्यासारख्याच कष्टकरी लोकांचा आहे. थायलंडच्या ईशान्य भागात आणि लाओसमध्ये भातशेतीवर राबणारे लोक तळ्यातला कार्प जातीचा मासा, म्हणजे आपल्या रोहू-मृगळाच्या भाऊबंदांतला, कच्चा चेचून, लिंबू-मिरची घालून खात आले आहेत. या माशातून एक चपटा कृमी माणसाच्या यकृतातील पित्तनलिकेत जातो आणि वर्षानुवर्षे तेथेच राहतो. सुरुवातीला काही त्रास जाणवत नाही. वीस-तीस वर्षांनी काहींना पित्तनलिकेचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या कृमीला कर्करोगाचे निश्चित कारण मानले आहे. ज्या भागात हा कृमी पसरला आहे, त्या भागात हा कर्करोग जगात सर्वांत जास्त आढळतो.

मरळीचेही असेच. आशियातील अनेक देशांत मरळीच्या जातीच्या माशात एका कृमीची अळी सापडली आहे. असा मासा कच्चा किंवा अर्धकच्चा खाल्ला तर ही अळी माणसाच्या कातडीखाली फिरू लागते आणि कधी डोळ्यात, कधी मेंदूतही जाते. मासा जिवंत, टोपलीत तडफडणारा असला म्हणून ती अळी त्यात नसते असे नाही. डोळे पाणीदार आहेत, कल्ले लाल आहेत, बोटाने दाबले की मांस वर येते, या आपल्या आजीच्या कसोट्या मासा शिळा की ताजा ते अचूक सांगतात. कृमी आहे की नाही, हे त्यांतून कळत नाही.

मुले आणखी काही उपाय सुचवतील. त्यांचीही उत्तरे देऊन ठेवतो.

"लिंबू पिळले की मासा शिजतोच ना?" नाही. लिंबाने मांस पांढरे पडते, शिजल्यासारखे दिसते. अळ्या आणि जंतू त्याने हमखास मरत नाहीत.

"भरपूर तिखट आणि मीठ लावू." जेवणात लावतो तेवढ्या तिखट-मिठाने अळ्या मरत नाहीत. सुका मासा टिकतो तो मिठाबरोबर कडक उन्हात वाळल्यामुळे, आणि तोही आपण भाजून, शिजवूनच खातो.

"फ्रीजमध्ये आठ दिवस ठेवू." घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा उणे २० अंशांवर सतत राहील याचा भरवसा नाही. दार दिवसातून वीसदा उघडते, वीज जाते, बर्फ पाझरतो, पुन्हा गोठतो. हा उपाय कारखान्यातल्या यंत्रासाठी आहे.

"मोठ्या शहरात कच्चा खाण्याचा मासा म्हणून पाकीट मिळते." मिळते. पण अशा पाटीमागे कोणती तपासणी झाली आहे, हे पाटी वाचून कळत नाही. आणि ते पाकीट शहरातून आपल्या गावी एसटीने येईपर्यंत त्याची थंडी तुटलेलीच असते.

शिवाय आपल्याच देशातील एक उदाहरण पाहा. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावरचे लोक पिढ्यान्पिढ्या गळाच्या काठीने टूना धरतात. समुद्र त्यांच्या दारात आहे. तरी ते हा मासा उकडतात, धुरी देतात, उन्हात कडक वाळवतात आणि वर्षभर खातात. त्याला ते 'मास' म्हणतात. ज्यांच्या हाती सर्वांत ताजा टूना लागतो, त्यांनीही तो शिजवून आणि सुकवून ठेवण्याची कला घडविली. तेव्हा शिजवणे हे मागासलेपणाचे लक्षण नव्हे, हे मुलाला सांगायला हरकत नाही.

आता कृती. चार माणसांसाठी.

साहित्य : तांदूळ दोन वाट्या. साफ केलेली मरळ किंवा मोठी चिलापी अर्धा किलो. यांत बारीक काटे कमी असतात. कटला किंवा रोहू घेतला तरी चालेल, फक्त काटे काळजीने काढावे लागतील. हळद पाव चमचा. सोया सॉस दोन चहाचे चमचे. तिळाचे तेल दोन चमचे, नसल्यास शेंगदाण्याचे. पातीचा कांदा चार काड्या. एक काकडी, एक गाजर. भाजलेले तीळ एक चमचा, भाजलेले कारळ किंवा शेंगदाणे जाडसर कुटून दोन चमचे. कोथिंबीर आणि एक लिंबू.

तिखट सारणासाठी : दही फडक्यात बांधून काढलेला चक्का अर्धी वाटी, लाल तिखट दोन चमचे, लसणाच्या चार पाकळ्या ठेचून, चिमूटभर गूळ, मीठ बेताचे.

सोया सॉस सोयाबीन आणि गहू आंबवून, मीठ घालून तयार करतात. आपल्या शिवारातले सोयाबीन गोणीने बाजारात जाते आणि बाटलीतून परत येते, तेच हे. तो अतिशय खारट असतो. एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमांहून अधिक मीठ जाते आणि दिवसाकाठी माणसाला पाच ग्रॅमांहून कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून माशाला वेगळे मीठ लावू नये. घरात रक्तदाबाचे कोणी असेल तर सोया सॉस निम्मा करावा आणि लिंबू वाढवावे.

भात : रेशनचा तांदूळ चालतो. तो नीट निवडून, तीनदा धुवून अर्धा तास भिजवावा आणि नेहमीपेक्षा अर्धी वाटी पाणी जास्त घालून मऊ शिजवावा, म्हणजे शिते एकमेकांना धरतील. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर मिळाला तर चिकटपणा आपोआप येतो. फोडणी नको, मसाला नको. हा भात फिकाच हवा, कारण सगळी चव वरच्या माशात असते.

मासा : मासा स्वच्छ धुवून, हळद चोळून, मोठे तुकडे करावेत. इडलीपात्रात किंवा पातेल्यावर चाळणी ठेवून १२ ते १५ मिनिटे वाफवावेत. वाफवलेला मासा मऊ, ओलसर राहतो. तळला तर कडक होतो आणि या पदार्थाची लज्जत जाते. सर्वांत जाड तुकडा मध्ये मोडून पाहावा. आतले मांस काचेसारखे दिसत असेल तर पुन्हा वाफ द्यावी. ते पूर्ण पांढरे होऊन पाकळ्या सुटू लागल्या म्हणजे शिजला. निवल्यावर कातडी काढावी, काटे बोटांनी चाचपून निवडावेत आणि घासाएवढ्या फोडी कराव्यात. लहान मुलांच्या वाट्याचा मासा दोनदा चाचपावा.

मिसळणे : पसरट भांड्यात सोया सॉस, तिळाचे तेल आणि बारीक चिरलेली कांद्याची पात एकत्र करून त्यात माशाच्या फोडी हलक्या हाताने घोळवाव्यात. चमच्याने ढवळले तर चुरा होईल. दुसऱ्या वाटीत चक्का, तिखट, लसूण, गूळ आणि मीठ फेटून घ्यावे आणि त्यातले निम्मे माशावर घालून पुन्हा घोळवावे. हवाईत यासाठी अंड्याची मेयोनीज आणि लाल मिरचीचा सॉस वापरतात. घरी कच्च्या अंड्याची मेयोनीज करू नये. आपल्या उन्हाळ्यात तीही पोट बिघडवते. मासा आणि दही एकत्र खाणे ज्यांच्या मनाला पटत नाही, त्यांनी चक्क्याऐवजी शेंगदाण्याचे बारीक कूट, लिंबू आणि थोडे कोमट पाणी फेटून घ्यावे. ते सारणही फार रुचकर लागते.

वाढणे : वाडग्यात गरम भात घालावा. एका बाजूला मासा, एका बाजूला काकडी-गाजराच्या बारीक फोडी ठेवाव्यात. कैरीच्या दिवसांत कैरीच्या चार फोडी घालाव्यात. उरलेले सारण वरून सोडावे. शेवटी तीळ, कारळाचे कूट आणि कोथिंबीर. चित्रातला लाल रंग मुलांना हवाच असेल तर उकडलेल्या बीटाच्या फोडी सोया सॉसमध्ये घोळवून माशाशेजारी ठेवाव्यात. आठवड्याच्या बाजारातल्या दोन बीटांत हौस भागते.

मासा महाग असेल त्या आठवड्यात हाच पदार्थ सुकटीचा करावा. आमच्या मते तो मूळ पदार्थाहून कमी नाही. एक वाटी सुकट निवडून कोरड्या तव्यावर खमंग भाजावी, कोमट पाण्यात दोनदा धुवून पिळावी, थोड्या तेलात लसणाबरोबर परतावी आणि निवल्यावर वरील सारणात घोळवावी. सुकट खारट असते, म्हणून येथे सोया सॉस अर्धा चमचाच पुरे. दुपारी कामावर न्यायच्या डब्यात देता येईल, पण सारण वेगळ्या डबीत द्यावे आणि खाताना मिसळावे.

ज्या सुकटीच्या वासावरून शहरात आपल्या माणसांना भाड्याचे घर नाकारतात, ती सुकट आपल्या आया-आज्यांनी भाकरीबरोबर देऊन पिढ्या वाढविल्या. हवाईच्या मजुरांच्या डब्यालाही एके काळी कोणी मान देत नव्हते. मुलांनी परदेशचे जेवण आवडीने शिकावे, आणि घरचे जेवण लपवू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात.

कच्चा मासा ज्या विळीवर किंवा पाटावर कापला, त्याच विळीवर काकडी-गाजर कापू नये. आधी भाजी कापावी, मग मासा. नंतर विळी, पाट आणि हात साबणाने धुवावेत. मासा शिजला, पण त्याचे कच्चे पाणी काकडीला लागले, तर केलेली सारी काळजी फुकट जाते.

मिसळलेला मासा आणि शिजवलेला भात उन्हाळ्यात दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये. शिळ्या भातातही जंतू वाढतात आणि त्यांनी केलेले विष पुन्हा गरम करून जात नाही. लागेल तेवढेच करावे.

डबाबंद टूना कोणी शहरातून आणला तर तो शिजवलेलाच असतो. पाणी किंवा तेल निथळून तसाच वापरावा. डबा फुगलेला असेल तर फेकून द्यावा. उघडल्यावर उरलेला मासा डब्यात न ठेवता काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढावा. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी टूना बेतानेच खावा, कारण मोठ्या समुद्री माशांत पाऱ्याचा अंश असतो.

गरोदर बायका, पाच वर्षांखालील मुले, म्हातारी माणसे, मधुमेहाचे आणि यकृताचे रोगी यांनी कोठेही, कितीही चांगल्या हॉटेलात, कच्चा मासा खाऊ नये. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या मुलांना हे कळवून ठेवा. त्यांनी मित्रांबरोबर खाल्लाच तर बर्फावर ठेवलेला, त्याच दिवशीचा, आणि गर्दी असलेल्या ठिकाणचा खावा. गोड्या पाण्यातला तर कोठेही कच्चा खाऊ नये.

मासा खाल्ल्यावर कोणाला उलट्या-जुलाब झाले तर जीवनरक्षक पाणी ताबडतोब सुरू करावे. आरोग्य केंद्रातील ओआरएसचे पाकीट नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवून घोट-घोट पाजावे. चेहरा लाल होऊन धाप लागली, ओठ सुजले, जुलाबातून रक्त पडले, लघवी थांबली किंवा लहान मूल सुस्तावले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. सरळ दवाखाना गाठावा आणि काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, हे डॉक्टरांना सांगावे.

मजुरीवर चालणाऱ्या घरात एका माणसाचे आजारपण म्हणजे नुसते पोट बिघडणे नसते. आजाऱ्याचा रोज बुडतो, त्याच्याजवळ बसणाऱ्याचा बुडतो, औषधपाण्याला उसने काढावे लागते. ज्यांच्या गाठीला पैसा आहे ते अशा हौसेची किंमत मोजू शकतात. आपल्याला ती विचार करूनच मोजावी लागते. म्हणून घरातल्या बाईने विचारलेला "हे पोटात घालावे काय?" हा प्रश्न आम्हास फार मोलाचा वाटतो. फोनवर दिसले म्हणून खरे मानायचे नाही, थोरांनी नको म्हटले म्हणूनही सोडायचे नाही. का, हे विचारायचे आणि मग करायचे. हीच सवय मुलांना लागावी.

येत्या रविवारी चुलीवर इडलीपात्र चढवा. मासा मुलाने साफ करावा, भाजी मुलीने चिरावी किंवा उलट करावे. घरधन्याने भात लावायलाही हरकत नाही. कसा झाला ते आम्हास जरूर कळवा.

जयभीम.